आजोबांची उजवी मिशी

मुलांनो, तुमच्या बाबांना रक्तदाबाची गोळी सुरू झाल्याचं परवा फोनवर कळलं. म्हणून ही हकिगत आता लिहून ठेवते. ती आमच्या येरमाळ्याकडच्या वाशीच्या सोपानरावांची आहे, आणि सोपानराव माणसांच्या मिशा दोरीनं मोजत.

खरंच मोजत. दाढी करायला बसले की हजामतीच्या धोकटीतून एक काळी दोरी निघायची, तिच्या मधोमध गाठ. गाठ नाकाखाली धरायची, टोकं ओठांच्या कोपऱ्यांपर्यंत न्यायची आणि निकाल द्यायचा, "डावी तांदळाभर जास्त हाय." तांदळाभर कापलं की उजवी जास्त व्हायची. एका नवरदेवाची मिशी अशी समसमान करता करता मांडवात पोचेपर्यंत संपली. त्याचा मामा भांडायला आला, तर सोपानराव म्हणाले, "आता बगा की, दोनी बाजूला सारखंच हाय."

आमच्या ओसरीवर ते बुधवारी आणि रविवारी येत. आल्याबरोबर भिंतीवरचं कॅलेंडर सरळ करत. मी हायस्कुलात इंग्रजी शिकवत असे म्हणून 'बाई', आणि तुमचे आजोबा सहकारी सोसायटीचे सेक्रेटरी म्हणून 'सायेब'. पण वस्तरा चालू असताना साहेबांनाही बोलायची मुभा नव्हती. "सायेब, सोसायटीत तुमी बोला. हितं म्या बोलतो."

लागोपाठ दुसरा पावसाळा कोरडा गेला होता. त्या उन्हाळ्यातली एक सकाळ. समोरच्या विहिरीत टँकर रिकामा होत होता आणि घागरी घेतलेल्या बायका कठड्याला भिडल्या होत्या. ओसरीवर आजोबांची मिशी कापताना सोपानराव स्वतःवरच चिडले होते. "उजवी खाली कशी काय आली?" कात्री लावली. दोरी लावली. "आरं, आजून खालीच!" तिसऱ्यांदा कात्री उचलली आणि हात तसाच थांबला.

"बाई, हिकडं या. मिशी न्हाय, तोंडच उतरलंय."

मला वाटलं, आजोबांनी गालात तंबाखू धरली असेल.

"सायेब, हसा बरं," सोपानराव म्हणाले. अर्धंच तोंड हसलं. मी दोन्ही हात वर करायला सांगितलं. डावा वर राहिला, उजवा हळूहळू मांडीवर येऊन पडला. नाव विचारलं, तर ओठांतून नुसते जड, चिकट आवाज आले. मी घड्याळ पाहिलं. आठाला दहा कमी.

"साबण लावला तवा धड बोलले हुते," सोपानराव म्हणाले. म्हणजे पाव तासापूर्वी.

तेवढ्यात शेजारच्या काकू धावत आल्या. "अगं बया, अंगावरनं वारं गेलं! गरम च्या पाजा आदी. कबुतर आणायला लावते, त्येचं रगत चोळलं की..."

"घोटभर बी न्हाय!" सोपानराव एवढ्या मोठ्यानं ओरडले की काकू पायरीवरच थांबल्या. "माझ्या बायकूला आसाच च्या पाजला म्या. पोटात गेला न्हाय, छातीत गेला. उद्या बगू, उद्या बगू म्हणत दोन दिस बसलो."

त्यांना बायको होती, हेच मला तोवर माहीत नव्हतं.

जवळपास गाडी एकच होती, टँकर. ड्रायव्हर म्हणाला, "बाई, निम्मा बी रिकामा झाला न्हाय. गावाचं पानी हाय." टँकर दोन दिवसांतून एकदा येई. मी त्या बायकांकडे वळले. मग कठड्यावरून एक म्हातारी कडाडली, "आरं मुडद्या, पाइप वढ आन चाक हलीव! निम्म्यात भागवू आमी."

टँकरच्या केबिनमध्ये आम्ही तिघं. सोपानरावांनी आजोबांना कुशीवर धरलं, लाळ बाहेर वाहावी म्हणून. येरमाळा मागं पडलं तरी त्यांचं एकच चाललं होतं, "सायेब, डोळं उघडं ठिवा. निम्मी दाढी ऱ्हायलीय."

जिल्ह्याच्या दवाखान्यात डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "कधीपासून?" मला वेळ सांगता आली. रक्तदाब भलताच चढला होता. "लवकर आणलंत," ते म्हणाले. तेव्हा आजच्यासारखी औषधंही नव्हती. आता पहिल्या काही तासांत पोचलं तर मेंदूतली गुठळी विरघळवणारं इंजेक्शन देता येतं, ते कुणाला द्यायचं हे डॉक्टर तपासून ठरवतात. म्हणून तोंड वाकडं, हात लुळा किंवा बोलणं जड, यांतलं एक जरी अचानक दिसलं तरी निजवून वाट बघू नका. घड्याळ बघा, गाडी बोलवा, तोंडात काही घालू नका. थोड्या वेळानं बरं वाटलं तरीही जाच.

महिन्यानं आजोबा घरी आले. बोलणं बरंचसं परतलं होतं, पण ओठाचा उजवा कोपरा खालीच राहिला. त्यांनी आरसा भिंतीकडे तोंड करून ठेवला. सोसायटीत जायचं नाव काढेनात.

रविवारी सोपानराव आले. दोरी काढलीच नाही. उजवीकडे थोडी कात्री चालवली, मागं सरून डोळे बारीक केले, पुन्हा थोडी चालवली. मी पाहिलं तर मिशी उघड उघड वाकडी झाली होती. उजवी बाजू आखूड आणि वर चढलेली.

"सोपानराव, अहो हे..."

"बाई, मिशीकडं बगू नका तुमी," ते हळू म्हणाले. "तोंड बगा."

तोंड सरळ दिसत होतं.

सोपानरावांनीच भिंतीकडचा आरसा फिरवला आणि आजोबांपुढे धरला. आजोबांनी डाव्या हातानं मिशी चाचपली. सोमवारी ते सोसायटीत गेले.

दोघंही आता नाहीत. त्या सकाळनंतर आजोबांना तेरा वर्षं मिळाली. तुमच्या बाबांच्या लग्नातल्या फोटोत ते हसत उभे आहेत. तो फोटो माझ्याकडे आहे.