साहेबांची जर्सी

आमच्या उस्मान मास्तरांनी एकदा वरातीतल्या घोड्याला पिवळं कार्ड दाखवलं होतं. बँडवाल्याच्या पायावर पाय दिला, एवढाच घोड्याचा गुन्हा. मास्तर शिट्टी फुंकत आडवे झाले आणि "पाच मिनिटं बाहेर!" म्हणत त्यांनी नवरदेवासकट घोडा बाजूला उभा केला. कोणी हूं की चूं केलं नाही. अर्ध्या नांदुऱ्याला त्यांनीच पीटी शिकवलेली. नवरदेव तर घोड्यावर सावधान होऊन बसला.

मास्तर माझे शेजारी. शाळेतून निवृत्त झाले, पण शिट्टी आणि खिशातली पंचाची तीन कार्डं त्यांनी काही सोडली नाहीत. बायको वारली, मुलगा पुण्याला. घरात ते आणि कोपऱ्यातल्या हॉकी स्टिका.

त्यांचं सगळं वेड एका जुन्या, थोर हॉकीपटूपायी. नाव कधी घेत नाहीत, नुसतं 'साहेब' म्हणतात.

"बारका होतो तवा साहेब इकडं मॅच खेळाले आले होते, भाऊ. जाताना अंगातली जर्सी ग्राउंडवर चुना मारणाऱ्याले देऊन गेले. मी बाजूलेच उभा. मले काऊन नाई देल्ली?"

हा प्रश्न मी इतक्या वेळा ऐकला आहे की कधीकधी मलाच त्या साहेबांचा राग येतो.

तो चुना मारणारा कोण, कुठला, कोणाला ठाऊक नव्हतं. ती जर्सी सापडेल म्हणून मास्तर आठवडी बाजारात जुन्या कपड्यांचे ढीग उपसत. लोकांच्या दोरीवर वाळणारे कपडे थांबून न्याहाळत. त्यापायी एकदा मार खाता खाता वाचले.

मागच्या हिवाळ्यात आम्ही दोघं एसटीनं मलकापूरला निघालो होतो. वडनेर भोलजी मागे पडलं आणि मास्तर ताडकन उठून ओरडले, "थांबवा! साहेब उभे हायेत!" कंडक्टरला वाटलं, तिकीट तपासणारे साहेब. त्यानं घाबरून घंटी मारली.

हरभऱ्याच्या शेतात बुजगावणं होतं. डोक्याला मडकं, अंगात विटलेली निळी जर्सी, पांढरी कॉलर, पाठीवर हातानं शिवलेला वाकडा आकडा. मास्तरांनी बांधावर चपला काढल्या आणि मडक्याला कडक सलाम ठोकला.

शेताचे मालक सोपानआबा हे सगळं पाहत होते. "याहीले ऊन लागलं काय?" त्यांनी मला विचारलं.

जर्सीची चौकशी केली, तर चुना मारणारे तेच निघाले! साहेबांची जर्सी घालून त्यांनी कैक वर्षं वखर हाकला होता. फार विरली तेव्हा बुजगावण्याला चढवली.

"आबा, काय पाह्यजे ते मांगा, पण हे मले द्या," मास्तर म्हणाले.

"द्याले काय जाते? पण वानरं फक्त हिलेच भेतात. हरभरा घरी येऊ द्या, मंग न्या."

मास्तरांना कुठला दम! रविवारी नवाकोरा ट्रॅकसूट घेऊन हजर. आबांनी तो बुजगावण्याला घालून पाहिला. थोड्या वेळानं एक वानर त्याच्या खांद्यावर येऊन बसलं आणि ट्रॅकसूटची चेन वरखाली करू लागलं. मास्तरांनी हिरवं कार्ड दाखवलं, मग पिवळं, मग लाल. लाल कार्ड वानरानं हिसकावून खाल्लं.

"बोलवा परत साहेबाले," आबा म्हणाले.

तेव्हापासून दर रविवारी मास्तर राखणीला जाऊ लागले. मलाही ओढून नेत. बुजगावण्याशेजारी हात पसरून उभे राहत, शिट्ट्या मारत. दुपारी आबांची म्हातारी भाकर आणि ठेचा वाढी. जेवताना साहेबांनी किती गोल मारले यावरून दोघं म्हातारे कडाकडा भांडत.

"तुम्ही चुना मारून राह्यले होते, मॅच कुठं पाह्यली?"

"अन् तुमचं तवा नाक गळे!"

एका रविवारी मास्तर तापानं झोपून होते, तर म्हातारीनं येणाऱ्याजाणाऱ्याच्या हातून डबा धाडला. वर निरोप, वानरं मातली म्हणून.

शेवटी हरभरा निघाला. आबांनी जर्सी धुऊन, घडी घालून मास्तरांच्या हातात ठेवली. "न्या. तुमची झाली."

मास्तर कितीतरी वेळ घडीवरून हात फिरवत राहिले. मग हळूच म्हणाले, "आबा, उन्हाळ्यात काही लावता काय?"

"इहिरीपाशी थोडी भेंडी."

"मंग वानरं येतीन."

"भेंडीले कायले येतात?"

"येतीन म्हंतो ना! राहू द्या हे इथंच."

आबांनी त्यांच्याकडे नीट पाहिलं. मग घडी मोडली आणि जर्सी बुजगावण्याला घातली.

परतीच्या एसटीत मी भडकलो. "अहो मास्तर, या जर्सीपायी जन्मभर आमचं डोकं खाल्लंत, आणि हातात आली तर सोडून आलात?"

मास्तर खिडकीबाहेर बघत होते. "घरी नेली असती, भाऊ, त खुंटीवर टांगली असती. मंग रविवारी मी कुठं गेलो असतो?"

नांदुऱ्याला उतरताना मीच विचारलं, "रविवारी सकाळचीच गाडी धरायची ना?"