तळ्याच्या मधोमध

भोंगेसाहेबांनी बायकोला तंबूत राहायला न्यायचं ठरवलं, ते सव्वादहाच्या आणि साडेदहाच्या गाडीमधल्या पंधरा मिनिटांत. एवढ्या वेळात माणूस फार तर चहा पितो. यांनी संसार वाचवायला घेतला.

(भोंगेसाहेब हे काही त्यांचं आडनाव नव्हे. बसस्टँडवर सव्वीस वर्षं माइकवरून गाड्या पुकारल्यावर खरं आडनाव फक्त पगारपत्रकात उरतं.)

स्टँडच्या मधोमध त्यांची काचेची केबिन. टेबलावर माइक, माइकच्या बुडाशी लाल बटण. बटण दाबलं की सगळ्या स्टँडला ऐकू जायचं, सोडलं की कोणाला काही नाही. भोंगेसाहेबांचा सगळा स्वभाव या बटणानं घडवला होता. "प्रवाशांनी कृपया रांगेत उभे राहावे" असं मधाळ आवाजात सांगायचं, बटण सोडायचं आणि त्याच चेहऱ्यानं पुढे म्हणायचं, "नाहीतर पडा आडवे, माझं काय जातंय!" बाहेरच्यांना नुसते ओठ हलताना दिसायचे. साहेब अजून काहीतरी चांगलंच सांगताहेत असं वाटून एक आजीबाई तर रोज हसून हात हलवायच्या. साहेबही हसून हात हलवायचे आणि म्हणायचे, "आली पुन्हा डोकं खायला."

दिवसभर असं मन मोकळं झाल्यावर घरी बोलायला काही उरत नसे.

बायको शाळेत ग्रंथपाल. दिवसभर 'हळू बोला' सांगणारी बाई आणि दिवसभर ओरडणारा नवरा, असा हा जोडा. आठ दिवसांपूर्वी तिला डोंगरातल्या एका कॉलेजचं पत्र आलं होतं. मोठं ग्रंथालय, तिच्या हाताखाली चार माणसं, राहायला खोली. तीन वर्षं तिथंच राहायचं. हो की नाही ते सोमवारपर्यंत कळवायचं. तिनं पत्र नवऱ्यापुढे ठेवलं आणि विचारलं, "मग? काय करू मी?"

'जाऊ नकोस' एवढे दोन शब्द भोंगेसाहेबांच्या घशापर्यंत आले. तिथून जे बाहेर पडलं ते असं: "बघू."

आठ दिवस हे बघू चालू होतं. ती रोज विचारायची, ते रोज बघायचे. शेवटी गुरुवारी त्यांनी केबिनमधून साडूला फोन लावला. मेहुणीच्या या नवऱ्याला जगातल्या प्रत्येक दुखण्यावर औषध माहीत असे आणि ते नेमकं त्याच्याच माळ्यावर पडलेलं असे.

"तंबू आहे माझ्याकडे," साडू म्हणाला. "इथून तीन तासांवर एक लहानसं तळं आहे. काठावर आठ-दहा तंबू, बाकी चिटपाखरू नाही. ताईंना शांतता आवडते ना? न्या तिकडे. गोड बोला. आम्हीपण येतो."

"तुम्ही कशाला?"

"तंबू आमचा आहे ना, राव!"

शनिवारी दुपारी चौघं तळ्यावर पोहोचली. जागा खरोखरच छान होती. गर्द झाडं, कंबरेइतकं गवत आणि मध्ये हलायचंही विसरलेलं पाणी. जागेची मालकीण पूर्वी हॉस्पिटलात नर्स होती, तिला सगळे सिस्टर म्हणत. तिनं ओठावर बोट ठेवूनच स्वागत केलं आणि फाटकाजवळच्या फलकाकडे बोट दाखवलं. "आधी नियम वाचा," ती कुजबुजली.

भोंगेसाहेबांना वाचायला काही दिलं की ते पुकारतात, त्याला इलाज नाही. "नियम क्रमांक एक!" असं म्हणून त्यांनी आठही नियम खणखणीत म्हणून दाखवले. समोरच्या झाडावरून सात-आठ बगळे उठले. शेजारच्या तंबूतून दुर्बिणी गळ्यात घातलेले तीन पक्षीनिरीक्षक बाहेर आले आणि रिकाम्या झाडाकडे बघत राहिले. साहेबांना विचारलं असतं, काय वाचलंत, तर त्यांना एकही नियम सांगता आला नसता. सव्वीस वर्षं गावांची नावं वाचणारा माणूस त्या गावांना थोडाच जातो!

मग तंबू. साडूनं सूचनांचा कागद आणला होता आणि दोन काठ्या घरी विसरला होता. म्हणजे चार काठ्या होत्या, सहा हव्या होत्या. "हे बायकांचं काम नाही," असं म्हणून भोंगेसाहेब एक काठी घेऊन तंबूच्या आत शिरले. बाहेरून साडूनं दोरी ओढली. तंबू उभा राहण्याऐवजी साहेबांवर बसला. मग बराच वेळ गवतावर एक निळा ढिगारा इकडून तिकडे फिरत होता आणि आतून आवाज येत होता, "वर ओढा! वर! अहो, माझा कान आहे तो!"

तिन्ही पक्षीनिरीक्षकांनी ओठांवर बोटं ठेवली.

बायकोनं त्यांना बाहेर काढलं, दोन वाळक्या फांद्या आणल्या आणि दहा मिनिटांत तंबू उभा केला. एक शब्द न बोलता. मग नवऱ्याच्या केसातलं गवत काढता काढता ती हसायला लागली. पत्र आल्यापासून पहिल्यांदा हसली. "काय ध्यान दिसताय हो," म्हणाली.

तेव्हा बोलायचं होतं. यापेक्षा चांगली वेळ माणसाला मिळत नाही. ती हसत होती, तिचा हात त्यांच्या डोक्यावर होता आणि मेहुणी-साडू दोघंही लांब चूल पेटवत होते. भोंगेसाहेबांना ते कळलंही. त्यांनी तोंड उघडलं. "चहाचं काय झालं?" ते म्हणाले.

तिनं हात काढून घेतला आणि चहाचं बघायला गेली.

रविवारी सकाळी साडूनं त्यांना पायडलच्या बोटीत घातलं. "चला, एक फेरी मारू. काय बोलायचं ते जरा घोकून घ्या." वारा अजिबात नव्हता. दोघं पाय मारत तळ्याच्या मधोमध आले आणि थांबले. काठावरची माणसं अंगठ्याएवढी दिसत होती. बायको आणि मेहुणी पाण्याशी बसून रात्रीची भांडी घासत होत्या, सिस्टर झाडत होती, पक्षीनिरीक्षक दुर्बिणी पुसत होते. सगळे दिसताहेत, कोणाचाही आवाज येत नाही, मध्ये आपण. भोंगेसाहेबांना एकदम केबिनमध्ये आल्यासारखं मोकळं वाटलं. त्यांनी बायकोकडे बघून हसून हात हलवला आणि बटण सोडलं.

"घोकायचं काय त्यात?" ते म्हणाले. "ब्लडप्रेशर सांगणार."

"कोणाचं?"

"माझं! परवा डॉक्टरकडे गेलो होतो ना, पायाच्या नखासाठी. तिला सांगणार, बीपी दोनशे निघालं, एकट्यानं राहू नका म्हणाले. मग कुठली जातेय ती डोंगरात! आयुष्यभर माझ्या गोळ्या मोजत बसेल."

"पण बीपी आहे का?"

"छे हो! एकशेवीस-ऐंशी. पण तिला काय कळतंय!"

साडू हसला. त्यामुळे साहेबांना आणखी चेव आला. "आणि मी म्हणतो, हिला बोलावलं कशाला त्यांनी? पुस्तकांना कव्हरं घालायला! हिला वाटतंय, हिची हुशारी बघून बोलावलं. पन्नाशीच्या बाईला कोण विचारतंय? दुसऱ्या कोणी अर्जच केला नसेल. त्या आडगावात मरायला जातंय कोण!"

काठावर भांडी घासणं थांबलं. साहेबांच्या ते लक्षात आलं नाही. साडूच्या आलं. त्याला दिसलं की बायकोच्या हातातलं पातेलं तसंच हातात आहे, सिस्टरचा झाडू अर्ध्यावरच थांबलाय आणि तिन्ही दुर्बिणी पक्ष्यांकडे नाहीत, बोटीकडे आहेत.

"ताई तशा फार कर्तबगार आहेत हं!" साडू अचानक मोठ्यानं म्हणाला. "आणि आमची हीसुद्धा! लाखात एक!"

"तुमची?" भोंगेसाहेब चकित झाले. "काल तर म्हणत होतात—"

"मी काही म्हणत नव्हतो!"

"म्हणत होतात की! घोरते म्हणून! असो. माझं सांगतो, मला तिचं काही कौतुक नाही. पण ती गेली तर माझा डबा कोण भरणार? गॅस संपला तर फोन कुठं लावायचा ते तिला माहीत. माझा चष्मा कुठं असतो ते तिला माहीत. नवीन बाई ठेवली तर तिला सगळं पहिल्यापासून शिकवावं लागेल. त्यापेक्षा हीच बरी."

साडूनं पायडल मारायला सुरुवात केली. एकटाच मारत असल्यामुळे बोट जागच्या जागी गोल फिरू लागली, आणि भोंगेसाहेब चारी दिशांना आळीपाळीनं तोंड करत पाच मिनिटं आणखी बोलले.

काठावर उतरले तेव्हा सिस्टरनं बोटीची दोरी खुंटाला बांधली. "पाण्यावरून आवाज सरकत येतो," ती म्हणाली. पहिल्यांदाच ती कुजबुजत नव्हती. "सहावा नियम. बोटीत बोललेलं काठावर ऐकू येतं. काल तुम्हीच मोठ्यानं वाचलात."

"कितपत ऐकू येतं?" भोंगेसाहेबांनी विचारलं.

एका पक्षीनिरीक्षकानं घसा खाकरला. "एकशेवीस-ऐंशी म्हणजे उत्तमच आहे हो," तो म्हणाला. "जपा."

मेहुणी साडूचा दंड धरून त्याला झाडामागे घेऊन गेली. घोरण्याचा विषय निघाला असावा. भोंगेसाहेब बायकोजवळ गेले. ती पातेलं पुसत होती. ते केव्हाच कोरडं झालं होतं, तरी पुसत होती. डोळे लाल होते, पण आवाज तिच्या ग्रंथालयातलाच होता.

"सत्तावीस जणांनी अर्ज केला होता," ती म्हणाली. "मुलाखती झाल्या. सुट्टी काढून गेले होते मी, तुम्हाला वाटलं बहिणीकडे गेले. पत्र आल्यावरही तुम्ही विचारलं नाही, हे कसं जमलं म्हणून."

"अगं, ते मी आपलं असंच—"

"मी नाहीच म्हणणार होते. नकाराचं पत्र लिहून पिशवीत ठेवलंय. मला फक्त एकदा तुमच्या तोंडून ऐकायचं होतं, जाऊ नकोस. कारण नको होतं मला काही. नुसतं एवढंच. तंबूपाशी काल मला वाटलं, आता म्हणतील."

"जाऊ नकोस," भोंगेसाहेब म्हणाले. घाईनं, पण अगदी खरं म्हणाले. "नको जाऊस गं. डबा-बिबा गेला खड्ड्यात. मला घरात एकट्याला भीती वाटते. मी तिथं बोललो ते सगळं... मला बोलता येत नाही दुसरं."

तिला केबिन माहीत होती, बटण माहीत होतं. लग्नानंतर एकदा डबा द्यायला ती केबिनच्या आत गेली होती आणि दहा मिनिटं ऐकून न बोलता बाहेर आली होती.

"यातलं खरं कुठलं ते मी कशावरून ओळखू?" तिनं विचारलं. उत्तराची वाट न बघता तिनं पिशवीतलं पत्र काढून विझत आलेल्या चुलीत टाकलं आणि त्यावर चहाचं आधण ठेवलं. चहा सगळ्यांना दिला. साहेबांनाही दिला, साखर बरोबर घालून.

पंधरा दिवसांनी ती निघाली. सकाळची सव्वादहाची गाडी, फलाट क्रमांक चार. साहेबांची ड्यूटी होती. रजा मागितली असती तर मिळाली असती, पण निरोप देताना बाहेर उभं राहून काय बोलायचं, हा प्रश्न होताच. काचेतून त्यांना ती दिसत होती. खिडकीशी बसली होती, मांडीवर पुस्तकांची जड पिशवी, शेजारी एक जाडजूड गृहस्थ, त्यामुळे बिचारी अगदी चेपून गेली होती.

भोंगेसाहेबांनी बटण दाबलं. "फलाट क्रमांक चारवरून सुटणारी गाडी," त्यांनी सुरुवात केली आणि गावाचं नाव न घेताच थांबले. मग जे सत्तावीस वर्षांच्या संसारात जमलं नव्हतं ते जमलं. बटण दाबलेलं असताना, सगळ्या स्टँडच्या देखत, रडक्या आवाजात ते म्हणाले, "जाऊ नका! कृपा करून या गाडीनं जाऊ नका. माझं चुकलं. फार मोठी चूक झालीय हो!"

चार नंबरच्या गाडीत एकच गोंधळ उडाला. कोणी म्हणालं ब्रेक गेलेत, कोणी म्हणालं चाक निखळलंय. बायका ओरडल्या, पेट्या खिडक्यांतून खाली आल्या, ड्रायव्हर स्वतः उडी मारून गाडीखाली वाकून बघू लागला. दोन मिनिटांत अडतीस माणसं खाली उतरली.

ती उतरली नाही. तिनं एकदा केबिनकडे बघितलं, शेजारच्या रिकाम्या सीटवर पुस्तकांची पिशवी ठेवली आणि ऐसपैस बसली.