मंगळवारी विनाकारण किल्ट घालण्याबाबत

माणूस कपडे अंग झाकण्यासाठी घालतो, हा विद्वानांचा जुना गैरसमज आहे. अंग झाकायला गोधडीही पुरते. माणूस कपडे घालतो ते शेजाऱ्याने प्रश्न विचारण्याआधीच त्याला उत्तर मिळावं म्हणून. पांढरा कोट घातलेल्याला कुणी "आपण काय करता?" असं विचारत नाही आणि काळा टाय लावलेल्याला "काय, मजेत ना?" म्हणत नाही. समाजात शांतता नांदते ती पोलिसांमुळे नव्हे, शिंप्यांमुळे.

ड्रमकोरी गावात ही व्यवस्था कित्येक पिढ्या बिनबोभाट चालू होती. स्कॉटलंडच्या डोंगरातलं हे अकराशे चाळीस वस्तीचं गाव (मेंढ्या वेगळ्या, त्यांची मोजणी अधिक काळजीपूर्वक होते). इथल्या प्रत्येक कर्त्या पुरुषाकडे किल्ट, म्हणजे गुडघ्यापर्यंतचा चौकड्यांचा लोकरी घागरा, असतो. नसला तर भाड्याने मिळतो. तो कधी घालायचा याचा लेखी नियम नाही, त्यामुळे तो मोडायचं धाडस आजवर कुणी केलेलं नाही. शनिवारी किल्ट म्हणजे लग्न. रविवारी म्हणजे कुणाच्या तरी पोराचा बाप्तिस्मा. सामन्याच्या दिवशी किल्ट म्हणजे संध्याकाळपर्यंत पराभव. आणि आठवड्याच्या मधल्या वारी, सकाळी सकाळी, किल्ट म्हणजे मयत. बाकी सगळा वेळ पँट. पँटीला कारण लागत नाही. ती हवेसारखी असते: सगळीकडे असते आणि तिच्याबद्दल कुणी चांगलं बोलत नाही.

टॉरकिल मॅकइनिस नगरपालिकेत किरकोळ परवानग्यांच्या टेबलावर कारकून होता. वय बावन्न, स्वभाव सरळ, एकूण पँटी दोन. मार्च महिन्यातल्या एका मंगळवारी त्यांपैकी एक धुण्यात होती आणि दुसरी मोजे चढवताना मागच्या शिवणीत टर्रकन उसवली.

"मग घाल की तुझ्या आजोबांचा किल्ट," त्याची बायको एफी अंडी तळता तळता म्हणाली. "कपाटात लोंबतोय नुसता. कसरीचं जेवणखाण चाललंय त्याच्यावर."

"अगं, आज मंगळवार आहे."

"मग? मंगळवारी गुडघे नसतात का तुला?"

टॉरकिलने किल्ट घातला. आठ यार्ड लोकर, मागे सव्वीस चुण्या, पुढे केसाळ पिशवी. घरापासून नगरपालिकेपर्यंत उतार आहे आणि त्या उतारावर, पोस्टाच्या वळणाशी, खालून वारा आला. इथे त्याच्या आयुष्यात जे घडलं त्याला सरकारी भाषेत शब्द नाही. बावन्न वर्षं ज्या पायांवर तो चालत होता, त्यांची त्याच्याशी पहिल्यांदा ओळख झाली. चुण्या डावीकडे गेल्या, मग उजवीकडे गेल्या. समोर एक डबकं होतं. त्याला वळसा घालून जाणं शक्य असताना टॉरकिलने त्यावरून उडी मारली. (ड्रमकोरीत नगरपालिकेच्या कर्मचाऱ्याने विनाकारण मारलेली ही पहिली उडी.) आणि तिथेच त्याने मनाशी ठरवलं, की आता दर मंगळवारी हाच.

जेसीबाई टॉश यांनी ही उडी आपल्या बेकरीच्या काचेतून पाहिली. त्यांनी किल्टकडे पाहिलं, मग कॅलेंडरकडे पाहिलं, मग हातातला पाव खाली ठेवला.

आता, शोकात असलेल्या माणसाला "कोण गेलं हो?" असं विचारणं ड्रमकोरीत असभ्य समजतात. ते आपल्याला आधीच माहीत असायला हवं. सभ्य माणूस गप्प राहतो आणि सकाळपासून कोण दिसलं नाही याची मोजणी करतो. (उडीचा उलगडा सोपा होता. दुःखाने एकेकाचा तोल जातो.) दहा वाजेपर्यंत मोजणी झाली. न दिसलेले तिघे निघाले. पोस्टमनची सासू ॲबरडीनला गेली होती, तिघांतला दुसरा पाद्रीसाहेबांचा कुत्रा होता, आणि तिसरे लॅकलन बेन. वय चौऱ्याऐंशी, धंदा निवृत्त मेंढपाळ. हे गृहस्थ अकरा वर्षं रोज सकाळी नऊ वाजता बेकरीसमोरच्या बाकावर येऊन बसत आणि जेसीबाईंच्या पावाला नावं ठेवत. आज बाक रिकामा होता.

अकरा वाजता नगरपालिकेवरचा झेंडा अर्ध्यावर आला. साडेअकराला जेसीबाईंनी मटणाचे मोठे सामोसे म्हणावेत तसल्या सहा 'पाय' (खायच्या, चालायचे नव्हेत) भट्टीत सारल्या, कारण पायशिवाय इथे कुणाला पुरत नाहीत. बारा वाजता दुकानं बंद झाली आणि पुरुष आपापल्या घरी जाऊन कपडे बदलून आले. एक वाजता रस्त्यावर त्रेसष्ट किल्ट होते.

टॉरकिलने खिडकीतून ते पाहिलं आणि त्याच्या काळजात धस्स झालं. मंगळवार, भर दुपार आणि त्रेसष्ट किल्ट! कुणीतरी मोठंच माणूस गेलेलं दिसतंय. पण तो सभ्य होता. त्याने विचारलं नाही. उलट, योगायोगाने आपण आज नेमका किल्ट घातला याबद्दल देवाचे आभार मानून तो मुकाट्याने सभागृहाकडे निघाला.

इकडे लॅकलन बेन सकाळी आठपासून घरात पाण्याच्या बंबाच्या मिस्त्रीची वाट पाहत बसले होते. "आठ ते एकच्या दरम्यान येतो," असं मिस्त्रीने सांगितलं होतं. तो एक वाजून दहा मिनिटांनी येऊन गेला. मग लॅकलन बाहेर पडले, तर सगळा गाव किल्टमध्ये सभागृहाकडे चाललेला. लॅकलनही सभ्य. तसेच माघारी फिरले, किल्ट घातला, टोपी हातात घेतली आणि सभागृहात शेवटच्या रांगेत येऊन बसले. पाय खाल्ली. थोडी आणखी घेतली.

पुढे जेसीबाई बोलायला उभ्या राहिल्या. "अकरा वर्षं," त्या रुमाल पिळत म्हणाल्या, "अकरा वर्षांत त्याने माझ्या पावाला एकदाही चांगलं म्हटलं नाही. वीट बरी म्हणायचा. पण अकरा वर्षांत एक दिवस चुकला नाही. न आवडणाऱ्या पावासाठी कोण येतं हो रोज, पावसात, गारांत? मी मेलीने कधी विचारलं नाही."

सभागृहात नाकं ओढल्याचे आवाज झाले. शेवटच्या रांगेत लॅकलन बेन हमसाहमशी रडत होते. शेवटी त्यांना राहवलं नाही, आणि सभ्यतेचा नियम मोडून त्यांनी शेजारच्या टॉरकिलला कोपराने ढोसलं.

"फार चांगला माणूस दिसतोय रे. कोण होता?"

टॉरकिलने तोंड उघडलं, पण उत्तर जेसीबाईंनी दिलं. त्यांनी शेवटच्या रांगेकडे पाहिलं, जवळची पाय उचलली आणि नेम धरून फेकली.

चौकशी समिती त्रिसदस्यीय होती. नगराध्यक्षा अलेक्सिना रॉस अध्यक्षस्थानी होत्या. (बाकी दोन सदस्य सभागृह धुण्यात गुंतले होते.)

"मॅकइनिस, मंगळवारी किल्ट घालण्याचं कारण?"

"पँट उसवली, मॅडम."

"ते पँट न घालण्याचं कारण झालं. किल्ट घालण्याचं सांगा. आणि दर मंगळवारी घालणार म्हणून एफीला सांगितलंत म्हणे. त्याचं?"

"छान वाटतं म्हणून," टॉरकिल म्हणाला.

अलेक्सिनाबाईंनी चष्मा काढला. "छान वाटणं हा प्रसंग नाही, मॅकइनिस. छान वाटतंय म्हणून माणसं किल्ट घालायला लागली, तर उद्या खरोखर कुणी मेलं तर कळायचं कसं?"

या प्रश्नाला उत्तर नव्हतं आणि म्हणून त्याचा नियम झाला. लग्न, मयत, बाप्तिस्मा वा सामना सोडून अन्य दिवशी किल्ट घालू इच्छिणाऱ्याने विहित नमुन्यात अर्ज करावा, 'प्रसंग' हा रकाना रिकामा सोडू नये, आणि अर्ज किरकोळ परवानग्यांच्या टेबलावर द्यावा.

म्हणजे टॉरकिलकडे. त्याने दुसऱ्याच दिवशी टेबलाच्या अलीकडे उभं राहून अर्ज भरला. प्रसंगाच्या रकान्यात लिहिलं: मंगळवार. मग टेबलाला वळसा घालून तो पलीकडे गेला, खुर्चीत बसला, चष्मा लावला, अर्ज दोनदा वाचला आणि शेरा मारला: 'कारण अपुरे. नामंजूर.' असे त्याने सात अर्ज केले आणि सातही फेटाळले. एफी म्हणाली, "अरे, लिही ना काहीतरी खोटं! कोण बघतंय?" तो म्हणाला, "मीच बघतोय ना."

रस्त्यावरच्या त्या त्रेसष्ट जणांना ही अडचण नव्हती. त्या मंगळवारी दुपारी त्यांच्याही किल्टमध्ये वारा शिरला होता, आणि एकदा शिरलेला वारा सहजासहजी निघत नाही. पहिल्या आठवड्यात नऊ अर्ज आले, दुसऱ्यात सत्तर. मांजरीची पुण्यतिथी या सदराखाली एक्केचाळीस अर्ज होते (गावात एकूण मांजरी एकोणीस, सर्व हयात). पूर्वजांनी हरलेल्या लढायांच्या स्मरणार्थ शहाण्णव. हा साठा स्कॉटलंडात न संपणारा आहे. सासूच्या आगमनानिमित्त चार, प्रयाणानिमित्त एकशे बारा. 'आज ऊन पडले' असा एक अर्ज आला होता, तो पुराव्याअभावी फेटाळण्यात आला. बाकी सगळे मंजूर, कारण कारकुनाच्या दृष्टीने दुसऱ्याचं कारण खरं किंवा खोटं नसतं. भरलेलं किंवा न भरलेलं असतं. टॉरकिल दिवसभर शिक्के मारत राही. पँटीत बसून.

जूनपर्यंत गावातल्या चारशे दोन प्रौढ पुरुषांपैकी तीनशे नव्व्याण्णव रोज किल्टमध्ये दिसू लागले. (उरलेल्या तिघांत एक टॉरकिल, एक अंथरुणाला खिळलेला, आणि एक इंग्लंडहून आलेला शाळामास्तर.) खाटीक किल्टमध्ये, पोस्टमन किल्टमध्ये. तळ्याकाठच्या चिलटांनी इतके गुडघे एकत्र कधी पाहिले नव्हते. त्यांची प्रजा त्या वर्षी दुपटीने वाढली. प्रवासी येत आणि "आत काय घालता?" हा त्यांचा कायमचा प्रश्न विचारत. "त्याचा अर्ज वेगळा आहे," असं गावकरी सांगत.

आणि मग लॅकलन बेन यांचं जेसीबाई टॉश यांच्याशी लग्न ठरलं. ऑगस्टमधला शनिवार.

"पाठीराखा म्हणून तू उभा राहायचं माझ्या शेजारी," लॅकलनने टॉरकिलला येऊन सांगितलं. टॉरकिलच्या डोळ्यांत पाणी आलं. शनिवार! लग्न! अर्ज नको, कारण नको, खोटं नको. त्याने आदल्या दिवशी सव्वीसच्या सव्वीस चुण्या स्वतः इस्त्री केल्या आणि एफीने कसरीची भोकं रफू करून दिली. शनिवारी सकाळी तो उतारावरून निघाला. पोस्टाच्या वळणाशी वारा वेळेवर हजर होता. डबकं नव्हतं, तरी त्याने उडी मारली.

चर्चच्या दारात तो थबकला. सगळा गाव पँटीत होता. कडक इस्त्रीच्या, भाड्याने आणलेल्या, काहींना आखूड झालेल्या करड्या पँटी. रोज घालतो तोच किल्ट लग्नाला कसा घालायचा, असा प्रश्न पडल्यावर लोकांनी आपसूकच प्रसंगाला शोभेलसं काहीतरी शोधलं होतं. किल्ट भाड्याने देणाऱ्या दुकानदाराने वेळीच वारं ओळखून पँटी ठेवल्या होत्या.

अलेक्सिना रॉस दारातच उभ्या होत्या. "मॅकइनिस! लग्नाला? रोजच्या कपड्यात?"

"मॅडम, मी तर मार्चपासून आज पहिल्यांदाच..."

"नवरदेवाचा मान म्हणून काही आहे की नाही? कारण काय याचं?"

आज पहिल्यांदाच टॉरकिलकडे कारण होतं, आणि ते कारण आजच रद्द झालं होतं. लोक वळून पाहू लागले. घरी जाऊन पँट घालून यायला सात मिनिटं लागली असती. त्याने खाली आपल्या गुडघ्यांकडे पाहिलं.

"छान वाटतं म्हणून," तो म्हणाला. "लिहून घ्या."

अलेक्सिनाबाईंनी पर्स उघडून खरंच कागद काढला. तेवढ्यात वेदीजवळून, पँटीत बेचैन झालेले लॅकलन बेन मांड्या खाजवत ओरडले, "आत घ्या हो त्याला! तो तसा आला नसता तर मी मेलो नसतो. आणि मी मेलो नसतो तर ही माझ्याबद्दल जन्मात चांगलं बोलली नसती. ये रे टॉरकिल. अन् जरा इकडे उभा राहा, तुझ्याकडून वारा येतोय."

लग्नाच्या फोटोत त्रेसष्ट पँटी आहेत आणि मधोमध एक किल्ट. प्रवासी विचारतात, हा कोण? गावकरी सांगतात: आमचा कारकून. भला माणूस. बिचाऱ्याकडे पँट नव्हती.

हे वाचताना आपण हसला असाल, तर त्याला परवानगी लागत नाही. फक्त एक किरकोळ माहिती हवी आहे. आपल्या कपाटाच्या वरच्या फळीवर, डांबराच्या गोळ्यांच्या शेजारी, एक धोतर असेल (शिवलेलं, इलॅस्टिकचं, पुतण्याच्या लग्नात तीन तास घातलेलं). ते घालून येत्या मंगळवारी सकाळी दूध आणायला जाऊन यावं. घाबरू नये. आपले शेजारी सभ्य आहेत, ते काहीही विचारणार नाहीत. ते नुसते हात जोडतील, मान खाली घालतील, आणि आपण वळल्यावर सोसायटीत सकाळपासून कोण कोण दिसलं नाही, याची मोजणी सुरू करतील.