धाकलो कपारीत आसा

आमच्या मुलुंडच्या सोसायटीत लोक शेजारी टीव्ही बघायला जायचे. मी परबकाकांकडे एक मासा बघायला जायचो. वर्षभर गेलो, मासा काही दिसला नाही.

काकांच्या हॉलमध्ये शोकेस असावी तिथे काचेची पेटी होती. तिच्यात खाडीचं गढूळ पाणी आणि एक फुटकी कुंडी. कुंडीत म्हणे तांबोशीचं पिल्लू राहायचं, नाव धाकलो. कुणी विचारलं, "कुठाय?" की काका अभिमानानं सांगायचे, "धाकलो कपारीत आसा. दिवसाचो भायर येवचो नाय. खडकातलो मासो तो, पापलेट न्हय!"

पापलेटांवर त्यांचा भारी राग. "उघड्या पाण्यात टोळक्यान फिरतत मेले!" पापलेट तळायला मात्र त्यांची हरकत नसे.

सोसायटीचे सेक्रेटरी देसाई यांना या पेटीत मासा आहे हेच मान्य नव्हतं. परीक्षा म्हणून त्यांनी संध्याकाळी आपला गोल्डफिश आत सोडला. "जोडीला राहू दे," म्हणाले. सकाळी गोल्डफिश गायब. देसाईंचा चेहरा पडला, काका मात्र झकास खुशीत. "आता तरी पटला मां? काळोख पडलो की तो शिकारीक भायर पडता."

काकूंच्या लेखी मासा म्हणजे आमटी. त्या अधूनमधून कोकमं भिजत घालून पेटीकडे बघत बसायच्या. काका मुकाट्यानं त्या कोकमांचं सरबत करून आम्हाला पाजायचे.

हे पिल्लू गळानं पकडलं होतं त्यांच्या मुलानं, विनूनं. मस्कतला नोकरीला जाण्याआधीच्या रविवारी, मिठागरांपलीकडच्या खाडीवर. काकांनी ते काकूंच्या विळीवरून सोडवून आणलं. विनू आला की त्याला मोठा झालेला धाकलो दाखवायचा, एवढीच त्यांची हौस. विनू आधी गणपतीला येणार होता, मग दिवाळीला, मग 'बघतो' म्हणाला.

धाकलो कुठला थांबायला! त्याची शेपटी कुंडीबाहेर आली. ती दिसली तेव्हा सोसायटीत पेढे वाटायचेच बाकी होते. पण वळताना ती काचेवर आपटू लागली. काका दोन-तीन दिवस कुंडी इकडेतिकडे सरकवून बघत होते. मग झाकणाची बादली घेऊन माझ्या दारात उभे. "चल रे, खाडीवर जावया."

तिवरांच्या कडेला बादली कलंडली. तांबूस पाठ एकदा चमकली आणि गेली. मी उगाच विचारलं, "परत येईल?"

"येवचो नाय. तांबोशी ल्हानपणी खाडीत वाढता. मोठी झाली की खोल दर्यातल्या खडकांत जाता. मगे तिका खाडी पुरणा नाय."

येताना रिकामी बादली ते या हातातून त्या हातात घेत होते. मला फार वाईट वाटलं. मी पापलेटांना शिव्या घातल्या. काका थोडे हसले.

पेटी त्यांनी हलवली नाही. खाडीचं पाणी बदलणंही चालूच. पुढे एकदा त्यांच्याकडे पाहुणे आले आणि त्यांनी विचारलं, "मासा कुठाय?" काका उगाच पेटीची काच पुसू लागले.

आतून काकूंचा आवाज आला, "कपारीत आसा. दिवसाचो भायर येवचो नाय."

आणि सोललेली कोलंबी घेऊन त्या पेटीपाशी आल्या.