डोमाजीभाऊंची सत्तावन्न झाडं

आमच्या खाणीच्या वसाहतीत डोमाजीभाऊ कोणाला नाव विचारत नसत. गाव नाही, जात नाही, हुद्दा तर मुळीच नाही. नवा माणूस दिसला की त्याची वाट अडवून ते एवढंच विचारत, "तुमाले काय येते?"

उत्तर देणारा फसला. "केस कापता येतात," असं सरळपणे सांगणारा न्हावी पुढची चार वर्षं दर बुधवारी मुलांना कात्रीला धार लावायला शिकवत होता. एक फिटर तेलुगू मुलखातून आलेला. तो हुशारीने म्हणाला, "कुछ नहीं आता." भाऊ म्हणाले, "काईच येत नाई असा माणूस मी अजून पाह्यला नाई. चाल, बस." अर्ध्या तासात त्यांनी त्याच्याकडून काढून घेतलं की त्याला पोहता येतं. पुढच्या रविवारी तो फिटर नाल्यात कमरेएवढ्या पाण्यात उभा होता आणि त्याच्या भोवती अकरा पोरं.

मी टाइम ऑफिसात हजेरीबाबू. नागपूरहून बदलून आलो त्या आठवड्यात माझी वाट अडली. मी म्हणालो, "आकडे येतात."

"मंग रविवारी सात वाजता या. उशीर कराल तर पोरं तुमची हजेरी घेतील."

घरी सांगितलं तर बायको हसून म्हणाली, "तुम्हाला नाही म्हणता आलं नाही एवढंच खरं." पुढच्या आठवड्यात भाऊंनी तिलाही नळावर गाठलं. तेव्हापासून ती मुलींना गोधडी शिवायला शिकवते. मी हिशेब ठेवला आहे: सहा वर्षांत भाऊंनी त्रेचाळीस माणसं पकडली. दोन निसटली, त्यातलं एक बदली झाली म्हणून.

डोमाजीभाऊ स्वतः दिवेघरात कामाला. खाणीत उतरणाऱ्या प्रत्येकाला खिडकीतून दिवा द्यायचा आणि वर आल्यावर परत घ्यायचा, हे त्यांचं काम. स्वराज्य येऊन आठ-नऊ वर्षं झाली होती. बाबूलोकांच्या मुलांसाठी वसाहतीत शाळा होती, पक्क्या भिंतींची. मजुरांच्या खोल्यांच्या लाइनीतली मुलं मात्र दिवसभर ढिगावरचा कोळसा वेचत, आणि मिसरूड फुटायच्या आधीच वय वाढवून सांगत खाली उतरत.

"माह्या खिडकीत मोठ्या माणसाचा हात आला पाह्यजे," भाऊ म्हणायचे. "या पोरायचे हात मले तिथी पाह्यचे नाई. बस."

याच एका हट्टापायी त्यांनी शाळा काढली. लाइन आणि कोळशाचा ढीग यांच्यामध्ये जुन्या जंगलाचा एक तुकडा उरला होता. ऐन, मोह, धावडा, तेंदू मिळून सत्तावन्न झाडं. छप्पर म्हणून तेवढीच सावली. खाणीच्या मॅनेजरसाहेबांकडे त्यांनी कधी खोली मागितली नाही. "मांगितली का मंग परत घेता येते," असं त्यांचं म्हणणं. मुलांनी या झाडांच्या मधल्या जागेत रोपं लावली होती, लाइनीतल्या नळाखाली सांडलेलं पाणी डब्यांनी आणून जगवली होती. शेळी आत आली तर ज्याच्या राखणीच्या पाळीत आली त्याने शेळीच्या मालकिणीला पाच झाडांची नावं शिकवायची, अशी शिक्षा. त्यामुळे लाइनीतल्या बायांना झाडांची नावं मुलांपेक्षा जास्त येत.

आता माझी चूक सांगतो. मुलांची उजळणी पन्नासाच्या पुढे लटपटत होती. पाट्या एकतीस मुलांत नऊ. मी स्टोअरमधून चिठ्ठी देऊन थोडं डांबर घेतलं आणि मुलांकडून प्रत्येक झाडावर छातीएवढ्या उंचीवर आकडा लिहवून घेतला. एक ते सत्तावन्न. मग "तेवीस आणि एकोणीस" असं म्हटलं की पोरं धावत जाऊन बेचाळीसच्या झाडाला हात लावत. इतकी चांगली उजळणी मी आयुष्यात घेतली नव्हती.

या जिल्ह्यात जंगलातल्या झाडावर आकडा कधी पडतो, हे मला माहीत नव्हतं. जे झाड तोडायचं त्यावर पडतो.

पंधरा दिवसांनी खाणीत टेकू म्हणून लावायची लाकडं पुरवणाऱ्या ठेकेदाराचा मुन्शी आठ कुऱ्हाडी घेऊन आला. त्याला तोड मिळाली होती नाल्यापलीकडच्या जंगलात. पण इथे वाटेतच, ओळीने, नंबर घातलेली झाडं. आम्ही पोचेपर्यंत सोळा नंबरचा ऐन आडवा झाला होता. सत्तावन्नातून एक वजा.

भाऊ सतरा नंबरला पाठ लावून उभे राहिले. "आता मारा."

"बुढऊ, बाजूला व्हा," मुन्शी म्हणाला. "नंबर हाये म्हणजे माल आमचा. जंगलाचा कायदा हाये."

"तुहा कायदा कोनं शिकवला तुले? हे पोरायनं लिवलं हाये."

"पोरं नंबर टाकतात काय कुठी?"

मी पुढे होऊन म्हणालो की नंबर मी घालायला लावले, चूक माझी आहे, वाटल्यास लिहून देतो. मुन्शीने माझ्याकडे दयेने पाहिलं. "बाबू, तुमी कोण जंगल खात्याचे?" मी त्याचा कागद मागितला. त्याने तो छत्रीसकट काखेत दाबला आणि सांगितलं की उद्या मॅनेजरसाहेबांना घेऊन येतो, मग बघू. कुऱ्हाडवाल्यांनी नाल्याकाठी मुक्काम टाकला.

भाऊ मला म्हणाले, "बाबू, डांबर उरलं काय?"

"अर्धा डबा."

"नवी चिठ्ठी फाडू नका. डबा द्या."

दुसऱ्या दिवशी पहाटे, पहिला भोंगा व्हायच्या आधी, एकतीस पोरं कामाला लागली. नऊ वाजता मॅनेजरसाहेब आले तेव्हा त्यांच्या बंगल्याच्या फाटकावर ७४ होतं. मुन्शीची बैलगाडी ५८, बैल ५९ आणि ६०, त्याची राहुटी ६१. दिवेघर, नळ, आमच्या ऑफिसचं दार, माझी खुर्ची. मुन्शीची छत्री ६६. ती त्याच्या उशाखालून कशी काढली, हे मी विचारलं नाही.

"डोमाजी, हा काय तमाशा आहे?" साहेबांनी विचारलं.

"तमाशा नाई, साहेब. मुन्शीजीचा कायदा हाये का ज्याच्यावर नंबर, ते तोडायचं. पोरायनं ऐकलं. आता त्यायले म्हना, अठ्ठावनपासून सुरू करा. बैल पयले."

कुऱ्हाडवाले तोंड फिरवून हसत होते. साहेब हसले नाहीत. त्यांनी बराच वेळ आपल्या फाटकाच्या दिशेने पाहिलं, मग कागदासाठी मुन्शीसमोर हात पुढे केला. कागद नाइलाजाने बाहेर आला. तोड नाल्यापलीकडची, तिथल्या प्रत्येक झाडावर जंगल खात्याच्या घणाचा शिक्का असल्याचं स्पष्ट लिहिलेलं. इथल्या एकाही झाडावर शिक्का नव्हता.

"घेऊन जा तुझी माणसं," साहेब मुन्शीला म्हणाले. मला म्हणाले, "डांबराचं उत्तर मला लेखी पाहिजे." ते मी त्याच दिवशी दिलं, दोन प्रतींत. त्यात खरं तेच लिहिलं: वापर शिक्षणासाठी.

सगळे पांगले. भाऊ पडलेल्या ऐनाकडे निघाले तेव्हा मला त्यांची पाठ दिसली. सदऱ्यावर डांबराने ३२ लिहिलेलं होतं. मी जवळ उभ्या असलेल्या शाळेतल्या चंपीला विचारलं, "भाऊंना हा आकडा कसा? तुम्ही तर अठ्ठावन्नपासून लिहीत होता."

"तो झाडाचा नाई," ती म्हणाली. "हजेरीत आमी एकतीस. मंग भाऊ बत्तीस."

त्यानंतर भाऊ रोज तोच सदरा घालून कामावर येऊ लागले. मी सांगितलं की घासलेटने डांबर निघतं. "निघत नाई," ते म्हणाले. दिवेघरात घासलेटचे डबे भिंतीला लावून ठेवलेले असतात. मी आणखी एकदा सांगितलं, मग सोडून दिलं.

महिनाअखेरीस खोल्यांचा वार्षिक तक्ता भरायचा होता. कोणत्या खोलीत कोण, आणि 'कुटुंबातील इतर माणसे' किती. भाऊंच्या नावापुढे सहा वर्षं मी शून्य लिहीत आलो होतो. ते कधी काही बोलले नव्हते. त्यांच्या खोलीत एक खाट, एक लोटा आणि एक ताट आहे. सणाला ते मुद्दाम रात्रपाळी मागून घेतात. पाळ्यांचं रजिस्टर माझ्याकडेच असतं, म्हणून मला ठाऊक.

त्या दिवशी ते माझ्या टेबलापाशी आले.

"बाबू, माहा खाना भरला काय?"

"अजून नाही."

"भरा मंग," ते म्हणाले आणि पाठ फिरवून गेले.

सतरा वर्षांच्या नोकरीत मी खोटा आकडा लिहिलेला नाही. बत्तिसातून स्वतः भाऊ वजा केले आणि खान्यात एकतीस लिहिलं.

आठ दिवसांनी वरून विचारणा आली: एका खाटेच्या खोलीत एकतीस माणसे कशी? मी शाळेचा हजेरीपट जोडून उत्तर पाठवलं: आकडा बरोबर आहे, येऊन मोजून घ्यावा.