नक्कल प्रत

कार्बन पेपरची एक बाजू दुसरीपेक्षा किंचित अधिक चकाकते. पेपर दिव्याखाली तिरपा धरला तरच हा फरक कळतो. लहानू पगारे यांनी तो तिरपा धरला नाही.

"अकरा वर्षं जकात नाक्यावर पावत्या फाडतोय," ते म्हणाले. "कार्बन मला बोटांनी कळतो."

अर्ज त्यांच्या मुलीसाठी होता. विशाखा दोन वर्षे तिसरीतच होती. वाचायला घेतले की अक्षरे तिच्यापुढे जागा बदलत. ऐकलेले मात्र ती कधी विसरत नसे. तिची परीक्षा तोंडी घ्यावी, असे वर्गशिक्षिका यशोदाबाई दिवाळीपासून हेडमास्तरांना सांगत होत्या. हेडमास्तर "पाहू" म्हणत. परीक्षा तोंडावर आली तेव्हा ते म्हणाले, "लेखी द्या. मूळ प्रत वरच्या ऑफिसला, नक्कल मला." यंदाही नापास झाली तर विशाखाची शाळा बंद होणार होती. कळवणच्या आत्याने तिच्यासाठी दोन म्हशी नेमूनही ठेवल्या होत्या.

संध्याकाळी यशोदाबाईंनी पगाऱ्यांच्या घरी येऊन मजकूर सांगितला, लहानूंनी वळणदार अक्षरात तो लिहिला. विशाखाची आई मंगलाबाई भाकरी थापता थापता सुधारणा सुचवत होत्या. विशाखा शेंगा सोलत होती. दोन्ही कागद लहानूंनी न बघताच पाकिटांत घातले. पावती फाडल्यावर ती कोण वाचतो? सकाळी मूळ प्रत पोस्टाच्या पेटीत पडली आणि नक्कल घेऊन चौघे हेडमास्तरांपुढे उभे राहिले.

हेडमास्तरांनी पाकीट फोडले. कागद उलटा केला, सुलटा केला, चष्मा पुसला.

"पगारे, हा कोरा आहे."

लहानूंनी घाईने कागद खिडकीच्या उजेडात तिरपा धरला. "कार्बन उलटा लागला, सर. नक्कल मूळ प्रतीच्याच पाठीवर उमटली असणार."

"बोटांनी कळतो ना?" मंगलाबाई पुटपुटल्या.

"परीक्षा उद्या आहे. कोऱ्या कागदावर मी काय निर्णय देऊ?"

तेवढ्यात विशाखाने हाताची घडी घातली आणि कालची संध्याकाळ, प्रत्येकाच्या आवाजासकट, म्हणायला सुरुवात केली.

"प्रति, माननीय मुख्याध्यापक, स्वल्पविराम. बाई, नुसतं मुख्याध्यापक पुरे की. राहू द्या हो, माननीय म्हटलेलं त्यांना आवडतं."

यशोदाबाई भिंतीवरचा जिल्ह्याचा नकाशा पाहू लागल्या.

"विशू, गप!" लहानू म्हणाले.

"बोलू द्या," हेडमास्तर म्हणाले.

"कुमारी विशाखा मंद नाही, पूर्णविराम. तिला अक्षरं जागेवर सापडत नाहीत, स्वल्पविराम, पण ऐकलेलं जागचं हलत नाही, पूर्णविराम. दिवाळीपासून नुसतं पाहू पाहू! डोळे आलेत का त्यांचे? मंगलाबाई, हे नाही लिहायचं. तिला एक संधी मिळावी ही विनंती, पूर्णविराम. अहो, नीट लिहा, पोरीचा जन्म आहे तो. बाई, कागदावर पाणी पडलं माझ्या डोळ्यातलं. असू द्या, मंगलाबाई, सुकेल. आपली नम्र, यशोदाबाई. झालं."

हेडमास्तरांनी शिक्का उचलला, त्यावर फुंकर मारली आणि कोऱ्या कागदावर 'अर्ज मिळाला' असा ठसा उमटवला.

"मग सर," यशोदाबाईंनी नकाशाकडे बघतच विचारले, "लेखी परवानगी कधी मिळेल?"

"लेखी कशाला?" हेडमास्तर म्हणाले. "या मुलीची परीक्षा उद्या तोंडी होईल."