अधीक्षकांचा अस्सलपणा आणि तिसरा मजला

आमच्या रुग्णालयाची लिफ्ट बंद पडून पाच आठवडे झाले होते, तेव्हा वरिष्ठ कार्यालयाकडून परिपत्रक आलं. ते लिफ्टबद्दल नव्हतं. महिनाअखेरपर्यंत सर्व कार्यालयप्रमुखांनी अस्सल नेता व्हावं आणि तसं झाल्याचा अहवाल तीन प्रतींत पाठवावा, असा आदेश होता. ज्यांना होता येणार नाही त्यांनी न होण्याची कारणं सविस्तर कळवायची होती.

अधीक्षकसाहेबांनी परिपत्रक दोनदा वाचलं आणि मला, म्हणजे हेडक्लार्कला, आत बोलावलं.

"अस्सल म्हणजे नेमकं कितपत, याचं मार्गदर्शन मागवा."

मी पत्र टाकलं. आठव्या दिवशी उत्तर आलं: 'आपल्या स्तरावर उचित तेवढे.'

साहेब माणूस वाईट नव्हते. फक्त सही करायची म्हटली की त्यांच्या हाताला घाम फुटायचा. लिफ्टचा नवा भाग खोक्यात बंद होऊन स्टोअरमध्ये आला होता. मिस्त्री रोज सकाळी येऊन बाकावर बसून जात होता. सगळं अडलं होतं एका सहीपाशी. तोवर रुग्णांना वर न्यायचं काम पैलवानाकडे होतं. पैलवान म्हणजे आमचा वॉर्डातला मदतनीस, निवृत्तीला दोन वर्षं राहिलेला. तो रुग्णांना पाठुंगळी घेऊन तीन मजले चढायचा, कारण हाडांचा वॉर्ड तिसऱ्या मजल्यावर आहे. तो तिथे का आहे, याची फाइल वेगळी आहे.

अस्सलपणाच्या प्रशिक्षणासाठी एक बाई आल्या. त्यांनी सभागृहातल्या खुर्च्या गोल मांडायला लावल्या आणि साहेबांना थेट विचारलं, "तुम्ही खरे कोण आहात?"

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं.

"अधीक्षक, वर्ग एक," मी हळूच सुचवलं.

"पदनाम नकोय," बाई म्हणाल्या. "आतला माणूस हवाय."

 साहेब खाली बघत म्हणाले, "मला सही करायची भीती वाटते हो. तीस वर्षं वाटतेय. उद्या चौकशी लागली तर आपलंच नाव निघेल, असं वाटत राहतं. ती लिफ्ट... माझ्यामुळेच बंद आहे."

त्यांचा आवाज खरोखरच कापत होता.  बाईंनी डोळे पुसले आणि सभागृह टाळ्यांनी दणाणलं. निरोपसमारंभ नसताना साहेबांना मिळालेल्या या पहिल्याच टाळ्या. त्या त्यांना आवडल्या.

दुसऱ्या दिवसापासून साहेब सकाळी जिन्याच्या पायथ्याशी उभे राहू लागले. याआधी तिथे 'तांत्रिक कारणास्तव लिफ्ट बंद' अशी पाटी होती आणि लोक तिच्यासमोर उभे राहून आमचा उद्धार करायचे. साहेबांनी पाटी काढायला लावली.

"लिफ्ट माझ्यामुळे बंद आहे," ते प्रत्येकाला हात जोडून सांगत. "मी भित्रा आहे. मला माफ करा."

लोक विरघळले. पायाला प्लास्टर असलेल्या एका आजींनी त्यांच्या डोक्यावर हात ठेवला. "असू दे रे बाळा. एवढं खरं कोण बोलतंय आजकाल!" असं म्हणून त्या लेकाच्या खांद्याला धरून एका पायावर तीन मजले चढून गेल्या. तक्रारवही कोरी राहू लागली.

मोठ्या सिस्टर मात्र विरघळल्या नाहीत. त्या हातातला ट्रे न ठेवता केबिनमध्ये आल्या.

"साहेब, सही करा. दोन तासांत लिफ्ट चालू होईल."

"सिस्टर, दबावाखाली केलेली सही अस्सल नसते. ती आतून यायला हवी."

"मग आत कुठवर आलीय?"

"निघालीय," साहेब म्हणाले.

कदाचित ती पोचलीही असती. पण तेवढ्यात अहवालाचा नमुना आला. रकाना सात: 'नेत्याने जाहीरपणे मान्य केलेला दोष.' रकाना आठ: 'सदर दोष अद्याप अस्तित्वात आहे काय? नसल्यास गुण देय नाहीत.'

"म्हणजे मी सही केली तर?" साहेबांनी विचारलं.

"दोष संपेल, साहेब. गुण जातील."

साहेबांनी लिफ्टची फाइल टेबलावरून उचलून कपाटात ठेवली आणि कपाटाची किल्ली माझ्याकडे दिली. त्या महिन्यात ते सर्व अधीक्षकांत पहिले आले. इतर रुग्णालयांतले अधीक्षक आमचा जिना पाहायला येऊ लागले.

एका मंगळवारी पैलवान एका निवृत्त मास्तरांना पाठीवर घेऊन चढत होता. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर तो मटकन खाली बसला. मास्तरांना काही झालं नाही. पैलवानाचा मणका सरकला. त्याला वर न्यायला दुसरा पैलवान नव्हता, म्हणून त्याला तिथेच गादी टाकून दाखल करण्यात आलं. केसपेपरवर खाटेच्या जागी मी 'पायरी एकोणतीस' असं लिहिलं.

साहेब धावत आले, पायरीवर बसले, त्याचा हात हातात घेतला. "हे माझ्यामुळे झालं रे."

"होय साहेब," पैलवान दात आवळून म्हणाला. "जरा सरका. कळ येतेय."

मोठ्या सिस्टरांनी हे पाहिलं. त्या खाली येऊन माझ्यापुढे उभ्या राहिल्या. किल्ली मी दिली नाही. त्यांनी ती माझ्या हातातून काढून घेतली. फाइलवर 'अधीक्षकांकरिता' असं लिहून सही केली आणि मिस्त्रीला बाकावरून उठवलं. दीड तासात लिफ्ट चालू झाली. पैलवान वर गेला.

तिसऱ्या दिवशी सिस्टरांना नोटीस लागली: 'प्रमाणित नेता कार्यालयात उपलब्ध असताना विनाप्रमाणपत्र नेतृत्व केल्याबद्दल.' लिफ्ट पुरावा म्हणून सील झाली.

चौकशी समितीने सिस्टरांना पूर्ण संधी दिली. "तुमचा एखादा दोष मोकळेपणाने सांगा."

"वर सात ड्रेसिंग राहिलीत. जाऊ का?"

समितीने नोंद केली: 'भावनिक मोकळेपणा: शून्य.'

तरीही अन्याय नको म्हणून समितीने कर्मचारी, रुग्ण आणि नातेवाईक अशा सर्वांच्या चिठ्ठ्या घेतल्या: साहेब हवेत की सिस्टर? सिस्टर तोडून बोलायच्या. खाटेवर बसलेल्या नातेवाइकांना उठवायच्या. साहेब प्रत्येकाची माफी मागायचे. साहेबांना दोनशे अकरा चिठ्ठ्या पडल्या, सिस्टरांना एक. ती पैलवानाची असावी, कारण अक्षर झोपून लिहिल्यासारखं होतं. सिस्टरांची बदली झाली. त्यांनी चार्ज दिला, पिशवी उचलली आणि कुणाशीही न बोलता जिना उतरून गेल्या.

दोनशे अकरांतली एक चिठ्ठी माझी होती. सिस्टर माझ्याशीही कधी गोड बोलल्या नव्हत्या. किल्ली मी आपणहून द्यायला हवी होती, तीही दिली नाही. मी भित्रा आहे. माझं चुकलं. काहीही न लपवता हे तुमच्यापुढे मांडलं.

आत्ता क्षणभर तुम्हाला वाटून गेलं ना, की माणूस निदान मनाने स्वच्छ आहे? मग तेवढं एका कागदावर लिहून द्या. या महिन्याचं परिपत्रक हेडक्लार्कांसाठी आहे.